चार अंकी सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले: शेजारच्या अंकाची सावली, मंद आठ आणि न लागणारे सेगमेंट

एक सेव्हन-सेगमेंट अंक (सात एलईडी पट्ट्यांनी, म्हणजे सेगमेंटांनी, आकडा दाखवणारा भाग) आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डला जोडला की तो बहुधा लगेच लागतो. चार अंक जोडले की तक्रारी सुरू होतात. घड्याळ, टोकन क्रमांकाची पाटी, तापमान दाखवणारी पेटी, कबड्डीचा गुणफलक अशा प्रकल्पांतले बिघडलेले डिस्प्ले माझ्याकडे सतत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांनी आधीच पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा डिस्प्ले आणून बसवून पाहिलेला असतो. काढून टाकलेला जुना डिस्प्ले जवळजवळ नेहमी चांगला निघतो. दोष असतो तो सामायिक तारांमध्ये, अंकाच्या कॉमन (सर्व सेगमेंटांना सामायिक) पिनमागच्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा अंक चालू-बंद करण्याच्या क्रमात. आणि त्यांपैकी नेमका कुठे, हे लक्षण नीट पाहिले तर एकही सुटा भाग विकत घेण्याआधी कळते.

येथे सर्वांत जास्त आढळणारी जोडणी गृहीत धरली आहे. ५१६१एएस प्रकारचे, ०.५६ इंची, कॉमन कॅथोड (सर्व सेगमेंटांची ऋण टोके आत एकत्र जोडलेली) असलेले चार सुटे अंक, चारही अंकांचे ‘ए’ सेगमेंट एकमेकांना जोडलेले, तसेच ‘बी’पासून ‘जी’पर्यंत आणि दशांश बिंदूही, या आठ सामायिक तारा आठ स्वतंत्र रेझिस्टरमधून आर्डुइनो उनोच्या आठ पिनांना, आणि प्रत्येक अंकाची कॉमन पिन आपापल्या एनपीएन ट्रान्झिस्टरमधून (इथे तो ग्राउंडच्या बाजूच्या स्विचचे काम करतो) ग्राउंडला. अशा रचनेत कोणत्याही क्षणी एकच अंक पेटलेला असतो. प्रत्येक अंकाला अडीच मिलिसेकंद दिले तर चार अंकांची एक फेरी दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला १०० वेळा पूर्ण होते आणि डोळ्याला चारही अंक एकाच वेळी लागलेले दिसतात. बत्तीस पिनांचे काम बारा पिनांत होते, ही त्यातली सोय आहे. मात्र एका तारेतला दोष चार ठिकाणी दिसतो आणि एका अंकाचा उशीर दुसऱ्या अंकावर उमटतो.

लक्षणे

जोडणीला हात लावण्यापूर्वी चारही अंकांवर ८ आणि सर्व दशांश बिंदू दाखवणारा छोटा प्रोग्राम चढवावा आणि काय दिसते ते कागदावर लिहून काढावे. एकच सेगमेंट चारही अंकांत लागत नसेल, तर दोष सामायिक बाजूला आहे, म्हणजे त्या सेगमेंटची तार, तिचा रेझिस्टर किंवा आर्डुइनोची पिन. तोच सेगमेंट फक्त एका अंकात लागत नसेल, तर सामायिक तार शेवटपर्यंत ठीक आहे आणि दोष त्या अंकाच्या त्या एका पायाशी आहे. एखादा अंक संपूर्ण बंद किंवा इतरांपेक्षा स्पष्टपणे मंद असेल, तर त्याची कॉमन पिन आणि तिचा ट्रान्झिस्टर पाहावा. दोन सेगमेंट नेहमी जोडीनेच लागत किंवा विझत असतील, तर दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. आणि अंक ओळखता येत नाहीत पण सेगमेंट सगळे लागतात, असे असेल तर तारांची अदलाबदल झाली आहे.

एवढ्याने न उलगडणारी लक्षणे वेगळी. १२३४ दाखवताना २ च्या मागे अंधुक १ किंवा ३ दिसतो, म्हणजे शेजारच्या अंकाची सावली पडते. १ झगझगीत दिसतो आणि ८ मंद. सर्व अंक सारखेच पण फार अंधुक दिसतात. अंक अधूनमधून लुकलुकतात, विशेषतः तापमान वाचले जाते त्याच क्षणी. किंवा सर्व अंकांवर ८ आला की आर्डुइनो स्वतःच रीसेट होतो.

एक तक्रार मात्र तक्रार म्हणून धरू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले असता डिस्प्ले लुकलुकतो किंवा त्याचे काही अंक गायब दिसतात, पण डोळ्यांना तो स्थिर दिसतो, तर त्यात बिघाड काही नाही. कॅमेऱ्याचा शटर आणि अंकांची फेरी यांचा मेळ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट मोबाइलमधल्या स्लो-मोशन चित्रणाचा उपयोग अंक कोणत्या क्रमाने पेटतात ते पाहण्यासाठी चांगला होतो.

वीज बंद ठेवून करायची पाहणी

पहिली तपासणी फुकटची आहे आणि म्हणूनच ती सर्वाधिक टाळली जाते. यूएसबी केबल काढून प्रत्येक जंपर वायर हलकेच ओढून पाहावी; स्वस्त जंपरची तार प्लास्टिकच्या टोपणाच्या आत तुटलेली असते आणि बाहेरून ती शाबूत दिसते. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या ब्रेडबोर्डच्या व वायरींच्या टोकांवर गंज किंवा काळपट थर धरतो. तेथे वायर दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहावी आणि तरीही संपर्क अधूनमधून तुटत असेल तर ती वायर टाकून द्यावी.

८३० छिद्रांच्या लांब ब्रेडबोर्डवर कडेची वीज-पट्टी मध्यावर तुटलेली आहे का, हे मुद्दाम पाहावे. बऱ्याच बोर्डांवर लाल-निळी रेघ मध्ये खंडित दिसते, काहींवर रेघ अखंड छापलेली असूनही आतला पत्रा तुटक असतो. डावीकडचे दोन अंक लागतात आणि उजवीकडचे दोन मुके राहतात, या लक्षणाचे कारण अनेकदा एवढेच असते. मल्टिमीटर बीपवर ठेवून पट्टीची दोन टोके तपासावीत. त्याच वेळी वेगळा अॅडॉप्टर वापरला असल्यास त्याचे ग्राउंड आणि आर्डुइनोचे ग्राउंड जोडलेले आहे याची खात्री करावी. ते जोडलेले नसेल तर ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) मिळणाऱ्या पाच व्होल्टना काही अर्थच राहत नाही.

उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिना सिरियल संवादासाठी वापरल्या जातात. त्यांना सेगमेंट जोडले असतील तर प्रोग्राम चढवताना आणि सिरियल मॉनिटर चालू असताना तेच दोन सेगमेंट वेड्यासारखे फडफडतात. पिना कमी पडत असल्या तरी या दोन मोकळ्या ठेवाव्यात. ए० ते ए५ या ॲनालॉग पिना डिजिटल म्हणून बिनदिक्कत वापरता येतात.

अंकाचा प्रकार आणि पायांची जागा

कॉमन कॅथोड आणि कॉमन ॲनोड (धन टोके एकत्र जोडलेला) हे दोन्ही प्रकार समोरून अगदी सारखे दिसतात आणि दुकानातल्या डब्यात एकमेकांत मिसळलेले असतात. ५१६१एएस कॉमन कॅथोड, ५१६१बीएस कॉमन ॲनोड. पण कडेवरचा छापील क्रमांक पुसट असतो, म्हणून मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर विश्वास ठेवावा. अंक सर्किटमधून पूर्ण बाहेर काढावा, नाहीतर इतर अंकांमधून वाट मिळून भलतेच सेगमेंट चमकतात. दशांश बिंदू खाली उजवीकडे येईल असा अंक धरला की खालच्या रांगेत डावीकडून उजवीकडे १ ते ५ आणि वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ६ ते १० अशा पिना येतात. दोन्ही रांगांतली मधली, म्हणजे ३ आणि ८ क्रमांकाची पिन कॉमन असते आणि त्या दोन्ही आतून जोडलेल्या असतात. काळी तार कॉमनला आणि लाल तार इतर पिनांना लावल्यावर सेगमेंट लागले तर अंक कॉमन कॅथोड. तारा उलट केल्यावर लागले तर कॉमन ॲनोड. क्रम असा असतो: १ ई, २ डी, ४ सी, ५ बिंदू, ६ बी, ७ ए, ९ एफ, १० जी.

चार अंक एकाच साच्यात असलेल्या ५४६१ प्रकारच्या डिस्प्लेला बाराच पाय असतात आणि तिथे मधली पिन कॉमन हा नियम चालत नाही. डावीकडून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या कॉमन पिना अनुक्रमे १२, ९, ८ आणि ६ असतात. निळ्या किंवा पांढऱ्या डिस्प्लेला सुमारे तीन व्होल्ट किंवा थोडे अधिक लागतात, त्यामुळे काही मल्टिमीटरवर ते लागत नाहीत. तेवढ्यावरून ते जळाले असे समजू नये.

वेग कमी करून पाहणे

या साऱ्या प्रकारात एकच तपासणी करायची असेल तर मी ही करीन. प्रत्येक अंकाला दिलेला अडीच मिलिसेकंदांचा वेळ वाढवून अर्धा सेकंद करावा, म्हणजे अंक एकामागून एक संथपणे पेटताना दिसतील. त्यापूर्वी रेझिस्टर १५० ओमपेक्षा कमी नाहीत याची खात्री करावी, कारण काही जण अंक उजळ दिसावेत म्हणून फार कमी मूल्याचे रेझिस्टर लावतात. फेरी वेगात असताना ते चालून जाते, पण अंक अर्धा सेकंद सलग पेटला तर एलईडी आणि आर्डुइनोची पिन दोघांवरही ताण येतो. प्रोग्राम अडकला तरी हेच घडते, म्हणून ती काटकसर मुळातच टाळावी.

संथ गतीत सावली नाहीशी झाली तर जोडणी निर्दोष आहे आणि दोष वेळेच्या क्रमाचा आहे, कारण काही मायक्रोसेकंद टिकणारी चूक अर्ध्या सेकंदाच्या उजेडापुढे दिसतच नाही. संथ गतीतही चुकीचा सेगमेंट तसाच लागत असेल, तर प्रोग्रामकडे पाहण्यात वेळ घालवू नये; तार चुकली आहे किंवा एखादा ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. ही विभागणी एकदा झाली की अर्धे काम संपते. मल्टिमीटरने एरवी न मोजता येणारी व्होल्टेजेही या गतीत वाचता येतात.

सावली वेळेची आहे असे ठरल्यावर ती कोणत्या बाजूला पडते ते पाहावे. वेग पूर्ववत करून फक्त दुसऱ्या अंकावर ८ दाखवावा, बाकीचे तीन अंक कोरे ठेवावेत आणि खोलीतला दिवा मालवावा. फेरी डावीकडून उजवीकडे जात असेल आणि अंधुक ८ तिसऱ्या अंकावर दिसला, तर तिसरा अंक चालू होताना तारांवर अजून दुसऱ्याचेच सेगमेंट होते, म्हणजे प्रोग्रामने आधी अंक चालू केला आणि मग सेगमेंट बदलले. अंधुक ८ पहिल्या अंकावर दिसला, तर पहिल्या अंकाचा ट्रान्झिस्टर बंद व्हायच्या आत दुसऱ्याचे सेगमेंट तारांवर आले. बाकीच्या तिन्ही अंकांवर सारखीच सावली असेल, तर मात्र वेळेचा प्रश्न नसून ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत वाहत आहे.

पहिल्या दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो प्रोग्राममध्येच आहे. आधी चारही अंक बंद करावेत, मग सेगमेंटच्या आठ पिना नव्या अंकाप्रमाणे लावाव्यात आणि शेवटी तो एकच अंक चालू करावा. अंक बंद केल्यानंतर ५० ते १०० मायक्रोसेकंद थांबले तर मंदगती ट्रान्झिस्टरलाही वेळ मिळतो, आणि अडीच मिलिसेकंदांतून एवढा वेळ गेल्याने उजेडात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बेसची पिन बंद करताना ती इनपुट करू नये, आउटपुट ठेवून शून्यावर आणावी. मोकळा सोडलेला बेस सावकाश रिकामा होतो आणि जवळ हात नेला तरी अंक धूसर चमकतो.

लुकलुकणे

लुकलुकण्याचे मूळ बहुतेक वेळा एका डिले (प्रोग्रामला थांबवून ठेवणाऱ्या) आज्ञेत असते. मल्टिप्लेक्स, म्हणजे असे पाळीपाळीने अंक पेटवणाऱ्या, डिस्प्लेला नियंत्रकाचे लक्ष सतत लागते. प्रोग्राममध्ये कोठेही अर्धा सेकंद थांबायला सांगितले की त्या अर्ध्या सेकंदात एकच अंक पेटलेला राहतो आणि तोही नेहमीपेक्षा अधिक उजळ. सेव्हसेग या प्रचलित लायब्ररीतही तिची रिफ्रेश करणारी आज्ञा मुख्य लूपमधून सारखी बोलवावी लागते, हे विसरले की हाच प्रकार होतो. डिले काढून मिलिस आज्ञेने न थांबता वेळ मोजणारी रचना करावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे अंकांची फेरी टायमर इंटरप्टवर (नियंत्रकातल्या घड्याळाने ठरावीक वेळेला आपोआप चालवल्या जाणाऱ्या कामावर) सोपवावी.

सेन्सरचा खोळंबा कमी लोकांच्या लक्षात येतो. डीएचटी११ या तापमान-आर्द्रता सेन्सरला जागे करण्यासाठी तार किमान १८ मिलिसेकंद खाली धरावी लागते, तेवढ्यात सात अंकांची पाळी चुकते. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला बारा बिटांच्या अचूकतेने तापमान मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि लायब्ररी नेहमीच्या पद्धतीने वापरल्यास प्रोग्राम तेवढा वेळ वाट पाहत बसतो. त्याला मापन सुरू करण्याची आज्ञा देऊन डिस्प्लेकडे परतावे आणि सेकंदाने येऊन आकडा वाचून न्यावा. डीएचटी११ च्या बाबतीत वाचनाआधी सर्व अंक क्षणभर कोरे करणे हा साधा तोडगा आहे, कारण सर्व अंक एकदम मिटल्याची लहानशी झपक एकाच अंकाच्या भगभगीत चमकेपेक्षा डोळ्याला कमी टोचते.

रेझिस्टर कुठे आणि किती

१ उजळ आणि ८ मंद हे लक्षण दिसले की रेझिस्टर मोजावेत. आठ असायला हवेत, प्रत्येक सेगमेंटच्या तारेत एक. चारच असतील आणि ते कॉमन पिनांवर असतील, तर एकाच रेझिस्टरमधून येणारा प्रवाह १ दाखवताना दोन सेगमेंटांत आणि ८ दाखवताना सात सेगमेंटांत वाटला जातो, म्हणून आकडा बदलला की उजेड बदलतो. चार रेझिस्टर वाचवण्याचा हा सल्ला पुष्कळ आकृत्यांत दिसतो. तो मला कधीच पटलेला नाही.

मूल्याचा हिशेब सोपा आहे. लाल सेगमेंट सुमारे २ व्होल्ट घेतो आणि ट्रान्झिस्टर सुमारे ०.२, पाचातून उरलेले २.८ व्होल्ट ३३० ओमवर पडले की साधारण ८.५ मिलिअँपिअर होतात, २२० ओमवर सुमारे १२.७. आठही सेगमेंट लागले असता कॉमन पिनेतून अनुक्रमे सुमारे ६८ आणि १०२ मिलिअँपिअर जातात. उनोवरील एटीमेगा३२८पी या नियंत्रक चिपच्या कोणत्याही एका पिनेची कमाल सहनमर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि रोजच्या वापरात २० च्या आत राहणे शहाणपणाचे, म्हणून कॉमन पिन थेट आर्डुइनोला जोडू नये. ट्रान्झिस्टर नकोच असतील तर प्रत्येक सेगमेंटला १ किलो-ओम लावावा. उजेड कमी पडेल, पण नियंत्रक वाचेल.

सर्व अंक सारखेच मंद असतील, तर तो बिघाडच असेल असे नाही. वाड्यातल्या एका नळावर चार बिऱ्हाडे असली की प्रत्येकाला पाव वेळ पाणी मिळते, तसे चार अंकांत प्रत्येकाला पाव वेळच उजेड मिळतो. अंक आठ असतील तर त्यांना एका नियंत्रकावर नाचवण्याऐवजी तेथे मॅक्स७२१९ ही अंक चालवणारी तयार चिप वापरणे मला अधिक सोयीचे वाटते.

ट्रान्झिस्टर

आता पैसे लागणाऱ्या तपासण्या सुरू होतात, तरी ट्रान्झिस्टर दोन-चार रुपयांत मिळतो. एखादाच अंक मंद असेल तर प्रथम त्याचा ट्रान्झिस्टर उलटा बसलेला नाही ना, हे पाहावे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता बीसी५४७ आणि बीसी३३७ यांचा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. पीएन२२२२ चा मात्र एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो आणि पी२एन२२२२ चा पुन्हा बीसी५४७ सारखा. दुकानदार हे शेवटचे दोन्ही ‘२२२२’ म्हणूनच देतो. कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झाली तरी ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, तो अत्यंत कमी वर्धनाने चालतो; म्हणून अंक मुका न राहता मरगळलेला दिसतो आणि शोध भलतीकडे जातो.

बेसचा रेझिस्टरही पाहावा. १ किलो-ओममधून सुमारे ४.३ मिलिअँपिअर बेसला मिळतात आणि ६८ मिलिअँपिअर वाहून नेताना ट्रान्झिस्टर पूर्ण खुला राहतो. १० किलो-ओम लावले तर बेसला ०.४३ मिलिअँपिअरच मिळतात. कमी वर्धनाच्या नगात तेवढ्यावर ६८ मिलिअँपिअर निघत नाहीत आणि रेझिस्टर योग्य जागी असूनही ८ मंद व १ उजळ हेच लक्षण पुन्हा दिसते. संथ गतीत ८ पेटलेला असताना कलेक्टर आणि एमिटर यांमधले व्होल्टेज मोजावे, ते ०.३ च्या आत हवे, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर बेसचा प्रवाह वाढवावा. बीसी५४७ ची कलेक्टर मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे २२० ओमचे रेझिस्टर ठेवायचे असतील तर ८०० मिलिअँपिअरपर्यंत चालणारा बीसी३३७ लावावा.

सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी यूएलएन२००३ ही चिप वापरली असेल तर तिच्या डार्लिंग्टन जोड्या (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) जवळपास एक व्होल्ट स्वतःकडे ठेवतात, हे हिशेबात धरावे. पाच व्होल्टवर ते खपून जाते; ३.३ व्होल्टवर लाल सेगमेंटचे दोन आणि हा एक वजा केल्यावर रेझिस्टरसाठी काहीच उरत नाही. ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ नियंत्रक आल्यापासून कॉमन ॲनोडची आणखी एक तक्रार वाढली आहे. तिथे धन बाजूला वापरल्या जाणाऱ्या पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर पाच व्होल्टला आणि बेस ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडला की पिन उंच असतानाही बेस एमिटरपेक्षा १.७ व्होल्ट खाली राहतो, म्हणून तो ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाही आणि चारही अंक एकदम पेटलेले दिसतात. पीएनपीच्या बेसपुढे एक छोटा एनपीएन घालावा. बारा व्होल्टवर चालणाऱ्या मोठ्या अंकांत, जिथे एका सेगमेंटमध्ये अनेक एलईडी मालिकेत असतात, तिथे आर्डुइनोच्या पाच व्होल्टनाही हाच नियम लागू होतो; एनपीएन न घातल्यास बारा व्होल्ट बेसमधून उलटे पिनेपर्यंत पोहोचतात.

शिफ्ट रजिस्टर, मॅक्स७२१९ आणि वीजपुरवठा

७४एचसी५९५ हे शिफ्ट रजिस्टर (थोड्या तारांतून आठ आउटपुट पिना देणारी चिप) वापरताना १३ क्रमांकाची पिन ग्राउंडला आणि १० क्रमांकाची पाच व्होल्टला पक्की जोडलेली असावी. या दोन्ही मोकळ्या राहिल्या तर डिस्प्ले हात जवळ नेला की बदलतो. या चिपमधून एकूण ७० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काढू नये, म्हणजे ३३० ओमलाच ती काठावर असते. ४७० ओम लावावेत.

मॅक्स७२१९ फक्त कॉमन कॅथोड अंक चालवतो. त्याच्या ४ आणि ९ या दोन्ही ग्राउंड पिना जोडाव्या लागतात, एक जोडून भागत नाही. पुरवठ्याच्या पिनेलगत १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड हे दोन्ही कपॅसिटर नसतील तर सर्व सेगमेंट अचानक पूर्ण पेटणे किंवा अंकांची सरमिसळ होणे हे प्रकार घडतात. शिवाय त्याला पाच व्होल्टवर किमान ३.५ व्होल्टची सूचना लागते, त्यामुळे ३.३ व्होल्टचा नियंत्रक थेट जोडल्यास तो आज चालेल आणि उद्या नाही. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (३.३ व्होल्टची सूचना पाच व्होल्टची करणारा भाग) घालावा.

प्रत्येक अंकाला स्वतंत्र ५९५ देऊन मल्टिप्लेक्सिंग टाळले असेल, तर चार ८ एकदम लागल्यावर ३३० ओमलाही दोनशेहून अधिक मिलिअँपिअर लागतात. उनोला बारा व्होल्टचा अॅडॉप्टर लावलेला असेल तर त्यावरचा रेग्युलेटर सात व्होल्ट उष्णतेत घालवतो, ०.२ अँपिअरला ते १.४ वॅट होतात, रेग्युलेटर चटका देण्याइतका तापतो आणि मग बोर्ड रीसेट होतो. पाच व्होल्टचा वेगळा, चांगला अॅडॉप्टर घ्यावा. ८८८८ दाखवत असताना डिस्प्लेजवळच व्होल्टेज मोजावे, ४.७ च्या खाली जात असेल तर आधी वायरी जाड कराव्यात.

कुठे थांबावे

पाच व्होल्टच्या बाजूला चूक झाली तर फार तर एखादी चिप जाते. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात घालू नये. ट्रान्सफॉर्मरशिवाय, थेट कपॅसिटरमधून वीज उतरवणारी सर्किटे जुन्या पाट्यांत आणि स्वस्त घड्याळांत आढळतात. त्यांत डिस्प्लेचे ग्राउंड स्वतःच मुख्य वीजवाहिनीला जोडलेले असते, आणि लॅपटॉपची यूएसबी केबल त्याला लावली तर लॅपटॉप आणि माणूस दोघांनाही धोका असतो. डिस्प्लेच्या बोर्डवर मोठा, चौकोनी, ‘४०० व्ही’ छापलेला कपॅसिटर दिसला आणि ट्रान्सफॉर्मर दिसला नाही, तर प्लग काढून ती वस्तू जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावी. मैदानावरचा किंवा सभागृहातला गुणफलक उंचीवर असतो आणि त्याचा पुरवठा खांबावरच्या पेटीतून येतो. तिथले काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचेच.

एकाच जागी सलग दोनदा चिप किंवा ट्रान्झिस्टर जळाला, तर तिसरा लावू नये. ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप आणि प्रवाह मर्यादित करता येणारा वीजपुरवठा आहे, अशाला ते दाखवावे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही असतात आणि तिथले शिक्षक बहुधा मदत करतात. छापील बोर्डवरचे तांब्याचे पट्टे सोल्डरिंगच्या उष्णतेने उचकटले असतील, तर तेही सरावाच्या हाताचे काम आहे.

डिस्प्ले दुरुस्त करता येतो हे एकदा गल्लीत कळले की शेजारचा किराणा दुकानदार आपला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेऊन येतो, कारण त्यातही हेच सेव्हन-सेगमेंट अंक असतात आणि एखादा सेगमेंट गेला की ८ चा ६ किंवा ९ वाचला जातो. त्याला नम्रपणे नकार द्यावा. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे वजन-मापांची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते आणि काट्याचे सील तोडल्यावर तो पुन्हा पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. सेगमेंट कोणता गेला आहे तेवढे सांगावे आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे.